नोंदवही आणि कोठार : शेतीच्या धंद्यातील माहितीची व्यवस्था

शेती हा धंदा आहे आणि तो धंद्याच्या रीतीने केला पाहिजे, हे वाक्य शेतकरी मेळाव्यांतून इतक्या वेळा ऐकावयास मिळते की, त्यावर आता कोणी मान हलविण्याचेही कष्ट घेत नाही. परंतु धंद्याची रीत म्हणजे नेमके काय, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. भांडवल, यंत्रे, सुधारित बियाणे व बाजारपेठ ही सारी धंद्याची अंगे आहेतच. तथापि ज्या अंगावाचून बाकीची अंगे आंधळी ठरतात, ते अंग म्हणजे नोंद. काय होते, काय आले, काय गेले, काय उरले आणि मागील सालच्या मानाने यंदा काय फरक पडला, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी लेखी आहेत, तोच धंदा करतो. बाकीचे केवळ कष्ट करतात.

चितेगाव हे छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील पैठण तालुक्यातील गाव. येथे एका बाजूस कारखाने आहेत, तर दुसऱ्या बाजूस कापूस, तूर, बाजरी व मका यांची शिवारे आहेत. कारखान्याच्या गोदामातील कारकुनास कोणता सुटा भाग किती शिल्लक आहे, हे विचारले तर तो क्षणात आकडा सांगतो. कुंपणापलीकडील शेतकऱ्यास गतवर्षी कापसाच्या तीन वेचण्यांत मिळून किती क्विंटल कापूस निघाला व क्विंटलमागे किती खर्च आला, असे विचारले तर बहुधा उत्तर येते, ‘असेल अंदाजे’. हा फरक बुद्धीचा नाही. शेतकऱ्याची स्मरणशक्ती कारकुनापेक्षा कमी नसते; किंबहुना अधिकच असते. फरक आहे तो माहितीच्या व्यवस्थेचा. ही व्यवस्था गावाला परकी नाही, ती गावानेच आपल्या हाती ठेवली पाहिजे आणि तसे न केल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

कीर्द, खतावणी आणि डेटाबेस

संगणकाच्या जगात ‘डेटाबेस’ आणि ‘डेटा वेअरहाऊस’ असे दोन शब्द नेहमी कानावर पडतात. पहिला शब्द चालू व्यवहाराच्या सुव्यवस्थित नोंदवहीसाठी वापरतात, तर दुसरा अनेक वर्षांच्या निवडून व स्वच्छ करून ठेवलेल्या नोंदींच्या कोठारासाठी. शब्द नवे असले तरी कल्पना आपल्या परिचयाच्या आहेत. आपल्याकडील व्यापारी रोजचा व्यवहार घडेल त्या क्रमाने कीर्दीत लिहीत आणि नंतर तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत उतरवीत. एकच व्यवहार तारखेवरूनही सापडावा आणि माणसावरूनही सापडावा, हा त्यामागील हेतू होता. डेटाबेसचाही हेतू याहून निराळा नाही.

याहून चांगले उदाहरण आपल्या महसुली दप्तरात आहे. गाव नमुना ७ मध्ये जमिनीच्या हक्काची नोंद असते, तर गाव नमुना १२ मध्ये पिकाची. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे भूमापन अथवा गट क्रमांक. गाव नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराच्या सर्व जमिनी एकत्र दिसतात. तेथील दुवा म्हणजे खाते क्रमांक. हक्कात बदल झाला म्हणजे त्याची नोंद प्रथम गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते आणि तो फेरफार क्रमांक सातबारावर येतो. जुने नाव खोडून नाहीसे केले जात नाही. ते कंसात घेतले जाते, जेणेकरून पूर्वी काय होते हेही कळावे. माहिती निरनिराळ्या तक्त्यांत विभागून ठेवावी आणि ते तक्ते परस्परांशी ठरावीक क्रमांकांनी जोडावेत, हा सिद्धान्त एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली संगणकासाठी मांडला व पुढे जगभरातील बँका, रेल्वे आणि कारखाने यांचे व्यवहार त्याच पायावर उभे राहिले. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात तोच विचार कागदावर त्याआधीपासून नांदत होता. तेव्हा ‘हे आपल्याला कसे जमणार’ असे म्हणण्याचे गावकऱ्यांस कारण नाही.

नावापेक्षा क्रमांक का हवा

या व्यवस्थेचा पहिला नियम असा की, प्रत्येक गोष्टीस एकच कायमचा क्रमांक असावा. पैठण ही संत एकनाथांची भूमी. या तालुक्यात एकनाथ व ज्ञानेश्वर ही नावे घरोघरी असणे स्वाभाविक आहे. एकाच गावात नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही तिन्ही सारखी असलेली दोन माणसे सापडणे अशक्य नाही. उलट एकाच माणसाचे नाव बँकेच्या पुस्तकात एका प्रकारे, सातबारावर दुसऱ्या प्रकारे आणि सोसायटीच्या वहीत टोपणनावाने लिहिलेले आढळते. हाताने लिहिणारा मनुष्य हे ओळखून घेतो. संगणक ओळखत नाही. त्यास ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘ज्ञानोबा’ ही दोन भिन्न माणसे वाटतात. मग एकाचे अनुदान अडते अथवा एकाच्या नावे दोन नोंदी होतात.

महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी २०२५ च्या एप्रिलपासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला, त्यामागील कारण हेच आहे. हा क्रमांक म्हणजे आणखी एक कागद, असे न समजता निरनिराळ्या दप्तरांतील आपली माहिती एकत्र बांधणारी ती दोरी आहे, असे समजावे. मात्र दोरी बांधताना गाठ योग्य ठिकाणी पडली पाहिजे. क्रमांकास आपले सर्व गट जोडले गेले आहेत की नाहीत, वारसाची नोंद झाली आहे की नाही, सामाईक क्षेत्रातील आपला हिस्सा बरोबर दिसतो की नाही, हे शेतकऱ्याने स्वतः पाहिले पाहिजे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने ते त्यास दाखवून दिले पाहिजे.

दुसरा नियम असा की, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. शेतकऱ्याचा पत्ता पाच वह्यांत लिहिला तर तो बदलल्यावर पाचही वह्या दुरुस्त कराव्या लागतात. त्यातील तीन दुरुस्त होतात व दोन राहून जातात. पुढे कोणती वही खरी, हा वाद सुरू होतो. सभासदाची माहिती एका तक्त्यात असावी आणि खत, बियाणे वा विक्री यांच्या वह्यांत केवळ त्याचा क्रमांक असावा, म्हणजे दुरुस्ती एकदाच करावी लागते.

मापांचा व सालांचा घोळ

तिसरा नियम मापासंबंधीचा असून त्याकडे फारच दुर्लक्ष होते. एखाद्या वहीत क्षेत्र म्हणून ‘१.२०’ असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्याच्या मनात एक एकर वीस गुंठे असतील तर ते दीड एकर झाले, कारण एकराचे गुंठे चाळीस. सातबाराप्रमाणे तो आकडा एक हेक्टर वीस आर असेल तर ते जवळजवळ तीन एकर झाले. आणि कोणी त्यास दशांश एकर समजला तर एक एकर आठ गुंठे. आकडा एक व अर्थ तीन! एकरी उत्पन्न काढताना असा एक आकडा चुकीचा समजला गेला तर दीड एकरातील बारा क्विंटल कापूस, म्हणजे एकरी आठ क्विंटल, हा तीन एकरांवर पसरून एकरी चारच क्विंटल दिसतो. यास्तव आकड्याशेजारी माप लिहिल्यावाचून कोणताही आकडा वहीत घेऊ नये, अशी शिस्त हवी. ‘गोणी’, ‘कॅरेट’, ‘गाडी’ ही मापे बोलण्यापुरती ठीक आहेत. वहीत किलो अथवा क्विंटलच असावेत.

सालाचीही गोष्ट तशीच. बँकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, कृषी वर्ष १ जुलैला, महसुली वर्ष १ ऑगस्टला आणि कापसाचे व साखरेचे वर्ष ऑक्टोबरात. ‘२०२४ चे उत्पन्न’ असे लिहिले तर ते कोणत्या वर्षाचे समजावे? मोसंबीच्या बागेत तर अडचण आणखी वाढते. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात व फळे पावसाळ्याच्या अखेरीस निघू लागतात. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात व फळे पुढील साली हाती येतात. केवळ विक्रीची तारीख लिहिली तर कोणत्या बहाराने किती दिले, हे कळणार नाही. म्हणून कापसाबाबत हंगाम व वेचणी, आणि मोसंबीबाबत बहार व तोडणी, असे लिहिले पाहिजे. जो बागाईतदार आपली बाग व्यापाऱ्यास उक्ती देऊन मोकळा होतो, त्याच्यापाशी तर फळाच्या वजनाची नोंदच उरत नाही. झाडांनी किती दिले हे व्यापाऱ्यास ठाऊक असते आणि मालकास नसते. पुढील वर्षी भाव ठरविताना कोणाचे पारडे जड राहणार, हे सांगावयास नको.

कोठार कशासाठी

येथवर चालू नोंदवहीचा विचार झाला. आता कोठाराकडे वळू. आपल्याकडे रोजच्या खाण्याचे धान्य कणगीत ठेवीत आणि सालोसालचे धान्य पेवात घालीत. कणगीतून रोज काढावे, रोज भरावे. पेव मात्र वारंवार उघडू नये. शिवाय पेवात धान्य घालण्यापूर्वी ते उफणून, चाळून, चांगले वाळवून घ्यावे लागे, कारण ओलसर धान्याची एक पाटी साऱ्या पेवाचा नाश करी. माहितीच्या कोठाराचे नियम हेच आहेत. चालू नोंदवहीतील माहिती ठरावीक मुदतीने, समजा प्रत्येक हंगामाच्या अखेरीस, तपासून, मापे एकसारखी करून व चुका काढून कोठारात घालावयाची. आणि एकदा घातलेली नोंद पुसावयाची नाही. चालू वहीला ‘आज किती’ हे ठाऊक असते. कोठाराला ‘इतक्या वर्षांत काय काय घडले’ हे ठाऊक असते.

ही दोन्ही कामे एकाच वहीतून का करू नयेत, असा प्रश्न काहीजण विचारतात. जून महिन्यात खताच्या दुकानापुढे रांग लागलेली असते. त्या वेळी हवी असते ती झटपट पावती व शिल्लक साठ्याचा अचूक आकडा. त्याच घटकेस, त्याच वहीची मागील सात वर्षांची पाने कोणी उलटू लागला तर रांगही खोळंबते आणि उलटणाऱ्याचेही काम होत नाही. संगणकाचेही असेच असते. म्हणून मोठ्या धंद्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रोजच्या व्यवहाराची माहिती आणि विचाराची माहिती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची पद्धत स्वीकारली.

जुन्या नोंदीचे मोल किती असते, हे मराठवाड्यास निराळे सांगण्याची गरज नाही. १९५४-५५ चे खासरा पत्रक आजही जमिनीच्या वादात काढून पाहिले जाते. सात दशकांपूर्वी कोणी एका कर्मचाऱ्याने बांधावर उभे राहून लिहिलेली ओळ आज एखाद्या कुटुंबाची जमीन राखते. त्या कर्मचाऱ्याने ती कंटाळून, अंदाजाने लिहिली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक नोंद करणाराने करावा.

एका चुकीच्या आकड्याची किंमत

पीक विम्याचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाई ठरविण्यासाठी ‘उंबरठा उत्पन्न’ काढतात. विमा क्षेत्रातील मागील सात वर्षांपैकी सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तीस जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पन्न मिळते. चालू वर्षाचे पीक कापणी प्रयोगांतून आलेले सरासरी उत्पन्न त्याहून कमी भरले, तर जितक्या प्रमाणात कमी तितक्या प्रमाणात भरपाई मिळते. म्हणजे भरपाई केवळ यंदाच्या आकड्यावर नव्हे, तर सात वर्षांच्या कोठारावर ठरते.

समजा, एखाद्या महसूल मंडळात एका पिकाचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न ११००, ९००, १२५०, ६००, १०००, ११५० व ७०० किलो आहे. उत्तम पाच वर्षांची सरासरी १०८० किलो येते. जोखीमस्तर ७० टक्के धरल्यास उंबरठा उत्पन्न ७५६ किलो. यंदा ५६७ किलोच पिकले तर तूट १८९ किलोंची, म्हणजे बरोबर २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असल्यास भरपाई १२,५०० रुपये होईल. आता त्या सात आकड्यांपैकी १२५० हा एकच आकडा चुकून ७५० असा लिहिला गेला, असे समजू. मग पाच वर्षांची सरासरी ९८० किलोंवर व उंबरठा उत्पन्न ६८६ किलोंवर येते. तूट ११९ किलोंची, म्हणजे सुमारे १७ टक्के. आणि भरपाई सुमारे ८,७०० रुपये. मागील एका वर्षाच्या एका आकड्यात झालेल्या चुकीने मंडळातील प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी सुमारे ३,८०० रुपये गेले. शिवाय तो आकडा सात वर्षांच्या चौकटीतून बाहेर पडेपर्यंत आपले काम करीत राहणार!

पीक कापणी प्रयोगांच्या मागे जे शास्त्र आहे, ते घडविण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. प्रयोगाचे शेत कोणाच्या मर्जीने न निवडता यदृच्छेने निवडावे व प्रत्यक्ष कापून, मळून, वजन करून उत्पन्न ठरवावे, ही पद्धत त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना १९४० च्या दशकात रूढ केली. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. रस्त्याकाठचे चांगले पीक पाहून किंवा दुष्काळ ओढवला म्हणून मुद्दाम वाईट पीक पाहून शेत निवडले, तर कोठारात ओले धान्य गेलेच म्हणून समजावे. आपल्या शेतात वा शेजारी प्रयोग ठरला असेल तर शेतकऱ्याने उपस्थित राहावे, वजन पाहावे आणि आकडा आपल्याही वहीत टिपून ठेवावा.

नोंद वेळेवर झाली तर

कोठारातून केवळ भरपाईच मिळते असे नाही; संकटाची आगाऊ सूचनाही मिळते. २००८ साली विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू करण्यात आला. ठरावीक शेतांत, ठरावीक दिवशी, ठरावीक पद्धतीने किडी मोजावयाच्या, ती मोजणी संगणकावर एकत्र करावयाची आणि तीवरून सल्ला द्यावयाचा, अशी त्याची रचना आहे. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले की नियंत्रणाचे उपाय योजावेत, असा आर्थिक नुकसानीचा संकेत आहे. २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यातील कपाशीचे जे नुकसान केले, ते कोणी विसरले नसेल. ‘सलग तीन रात्री’ हे शब्द लक्षात घ्यावेत. ज्याने पहिल्या दोन रात्रींची मोजणी लिहिलेली नाही, त्यास तिसऱ्या रात्रीच्या आकड्याचा उपयोग नाही.

पिकाच्या नोंदीसंबंधी आता मोठी जबाबदारी शेतकऱ्याकडे आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र घेऊन स्वतः पेरा नोंदवावयाचा असतो. ही नोंद वेळेत झाली नाही अथवा तुरीच्या आंतरपिकाची नोंद राहून गेली, तर हमीभावाच्या खरेदीच्या वेळी शेतकरी माल घेऊन उभा असतो आणि सातबारावर ते पीकच नसते. ज्या शेतकऱ्यापाशी योग्य भ्रमणध्वनी नाही, अथवा जी भगिनी एकटी शेती सांभाळते, तिची नोंद गावच्या तरुणांनी व कार्यकर्त्यांनी हंगामातच करवून घ्यावी. शेवटच्या दिवसासाठी हे काम ठेवू नये.

माहिती वर जाते. ती खाली यावी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख प्रामुख्याने लिहीत आहे, त्या गोष्टीकडे येतो. आम्हां विस्तार कर्मचाऱ्यांच्या कामाचा मोठा भाग माहिती गोळा करून वर पाठविण्यात जातो. पेरणीचे अहवाल, कीड-रोगांचे अहवाल, नुकसानीचे पंचनामे, योजनांचे अर्ज असे बरेच काही असते. ही माहिती आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु ज्या गावातून ती जाते, त्या गावाकडे ती एकत्रित व अर्थपूर्ण रूपात किती वेळा परत येते? विहिरीचे पाणी सतत उपसले व आत झरा आलाच नाही, तर विहीर कोरडी पडते. शेतकऱ्याकडून पुनःपुन्हा तीच माहिती मागितली व त्याच्या हाती तीतून काहीच पडले नाही, तर तो उत्तरे देण्यापुरती उत्तरे देऊ लागतो. मग वरच्या कोठारात आकडे पुष्कळ जमतात. पण ते पोकळ असतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की, अचूक माहिती मिळविण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय दंड अथवा तगादा नसून, ज्याची माहिती आहे त्यास तिचा उपयोग घडविणे हा आहे. प्रत्येक हंगामानंतर ग्रामसभेत एक तक्ता लावावा: गावात कोणते पीक किती क्षेत्रावर होते, मंडळात पाऊस कोणत्या आठवड्यात किती झाला, पीक कापणीत काय उत्पन्न निघाले, मागील वर्षांच्या मानाने फरक काय. महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे उपलब्ध असतात. बाजारभाव पणन मंडळाकडून व ॲगमार्कनेटवर मिळतात. माती परीक्षणाच्या पत्रिका घरोघर आहेत. उणीव आहे ती या सर्वांना एका पानावर आणणाऱ्या हाताची. तो हात गावपातळीवरील कार्यकर्त्याचा असला पाहिजे.

गटाने व संस्थेने काय करावे

चितेगावसारख्या गावातील पंचवीस-तीस शेतकऱ्यांचा गट डोळ्यांपुढे आणू. त्याने आरंभी पाच तक्ते ठेवावेत. पहिला सभासदांचा: क्रमांक, नाव, गाव. दुसरा शेतांचा: गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, मातीचा प्रकार, पाण्याचे साधन व सभासद क्रमांक. तिसरा हंगामाचा: कोणत्या शेतात, कोणत्या हंगामात, कोणते पीक व वाण, पेरणीची तारीख. चौथा खर्चाचा: तारीख, शेत, बाब, परिमाण, रक्कम, घरच्या माणसांची मजुरीही यात धरावी. पाचवा उत्पन्न व विक्रीचा: तारीख, वेचणी वा तोडणी, वजन, भाव, खरेदीदार, वाहतूक व हमाली. हे पाचही तक्ते साध्या वहीत सुरू करता येतात. दोन हंगाम वही नीट चालली, म्हणजेच ती संगणकाच्या तक्त्यात उतरवावी. अव्यवस्थित वही संगणकात घातल्याने सुव्यवस्थित होत नाही. तिचा घोळ मात्र अधिक वेगाने होतो.

प्रत्येक हंगामाअखेरीस गटाने एकत्र बसून नोंदी तपासाव्यात व सहावा तक्ता, म्हणजे कोठार, भरावे: शेत, हंगाम, पीक, क्षेत्र, एकूण खर्च, एकूण उत्पन्न, सरासरी भाव, निव्वळ नफा-तोटा व त्या हंगामाचा पाऊस. एका शेताच्या एका पिकाची एकच ओळ. तीन-चार वर्षांत हा तक्ता बोलू लागतो. कोणत्या जमिनीत कापसाऐवजी तूर परवडते, उशिराच्या पेरणीने किती घट येते, कोणता खर्च उत्पन्न न वाढविता वाढतो आहे, हे वादावादीने नव्हे तर आकड्यांनी कळते. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. अशा वर्षी कोणती बाग राखावी व कोणती सोडावी, हा निर्णय ज्याच्यापाशी बहारवार उत्पन्नाची व पाण्याची नोंद आहे, तो इतरांपेक्षा लवकर व शांतपणे घेऊ शकतो.

गट पुढे शेतकरी उत्पादक कंपनी झाला तर याच नोंदी त्याचे भांडवल ठरतात. मोठा खरेदीदार पहिला प्रश्न विचारतो तो असा की, कोणत्या महिन्यात किती टन माल देऊ शकाल? बँक विचारते, मागील तीन वर्षांची उलाढाल दाखवा. येथे ‘अंदाजे’ हा शब्द चालत नाही. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आरंभी ६३,००० संस्थांचा तीत विचार होता. ज्या संस्थेत यंत्रे आली आहेत, त्या संस्थेच्या संचालकांनी ती केवळ लेखापरीक्षणापुरती न वापरता कोणत्या आठवड्यात खताची मागणी वाढते, कोणत्या पिकाचे कर्ज थकते, याचा शोध घेण्यासाठी वापरावीत.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. पेरणीच्या घाईत लिहीत कोण बसणार? उत्तर असे की, रोज पाच ओळी लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. वर्षाअखेरीस आठवून लिहिण्यास मात्र चार दिवस लागतात आणि तरीही ते खरे नसते. घरातील शाळकरी मुलामुलींकडे हे काम सोपविल्यास त्यांनाही शेतीचा जमाखर्च कळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माहिती एकत्र केली तर तिचा दुरुपयोग होणार नाही काय? ही शंका रास्त आहे. कोणापाशी किती माल आहे व कोण कर्जात आहे, हे बाहेर गेल्यास सौदा करताना शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. म्हणून आधार क्रमांक व बँक खाते पीक-उत्पन्नाच्या तक्त्यात लिहूच नयेत. ते स्वतंत्र व कुलूपबंद असावेत. ग्रामसभेतील तक्त्यावर गावाच्या बेरजा असाव्यात, व्यक्तीचे आकडे नसावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ साली कायदा झाला आहे व संमती हे त्याचे मुख्य तत्त्व आहे. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतो हे सांगावे आणि देणाऱ्याने ते विचारल्यावाचून अंगठा वा संकेतांक देऊ नये. पण चोरीच्या भीतीने कोणी धान्य शेतातच सोडून देत नाही. तो कोठारास कडी लावतो.

शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या हंगामासाठी बियाणे व खत यांच्या यादीत एका जाड वहीची भर घाला. आणि ग्रामकार्यकर्ते बंधूंनो, आपण गावातून नेलेल्या प्रत्येक आकड्याचे ऋण आपल्यावर आहे, असे समजून तो आकडा अर्थासह गावाला परत करा. नोंद बांधावरच व्हावी, हंगामाअखेरीस ती तपासली जावी आणि तिचा पहिला उपयोग ती देणाऱ्या शेतकऱ्यास व्हावा. एवढे झाले तर संगणक हा वरून आलेला भार न वाटता तो आपल्या शेतीच्या कामातला सोबती होईल.